माइकमागची खोली

‘ताई, कुठला माइक घेऊ?’ घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करू पाहणाऱ्या पुण्यातल्या मुलामुलींचे फोन बहुतेक याच प्रश्नाने सुरू होतात. मी चित्रपट आणि माहितीपटांसाठी लोकेशन साउंड करते. त्यातून वेळ मिळाला की या मुलांच्या घरी जाते आणि त्यांचा गळा आणि गिटार नीट कसे उतरतील ते बघते. प्रश्नावर माझं उत्तर ठरलेलं आहे: माइकचं नंतर बोलू, आधी तुझी खोली दाखव. समोरचा जरा हिरमुसतो. त्याने रात्र रात्र जागून माइकांची तुलना करणारे व्हिडिओ पाहिलेले असतात, आणि मी विचारत असते की खिडकी कोणत्या बाजूला उघडते, पाण्याची मोटर किती वाजता लागते, वरच्या मजल्यावर लहान मूल आहे का.

विचारायला कारण आहे. आपल्या कानांमागे मेंदू बसलेला असतो. रोजचा पंखा, रस्त्यावरची रिक्षा, स्वयंपाकघरातला फ्रिज हे सगळं त्याने कधीच बाजूला काढून ठेवलेलं असतं. माइकला ती निवड करता येत नाही. गायकाच्या तोंडून निघालेला आवाज आणि समोरच्या भिंतीवर आपटून परत आलेला आवाज, दोन्ही त्याच्या लेखी सारखेच. त्यामुळे निम्मं काम माइकला तार जोडण्याआधीच साधतं किंवा बिघडतं.

ही मुलं येतात कुठून, तर दोन वाटांनी. काहींचे आईवडील संदीप खरे आणि सलील कुलकर्णींच्या ‘आयुष्यावर बोलू काही’च्या प्रयोगांना जाणारे, कवीने स्वतःच माइकसमोर उभं राहून स्वतःची गाणी म्हणायची, हे या मुलांना लहानपणापासून ठाऊक. काहींच्या डोळ्यांसमोर २०१० च्या डिसेंबरात कोरेगाव पार्कात झालेल्या पहिल्या एनएच७ वीकेंडरनंतरचं पुणं, म्हणजे ओपन माइक, कॅफे, एक खुर्ची आणि एक गिटार. दोघांनाही आता आपलं गाणं जगापुढे ठेवायचं असतं, आणि स्टुडिओचं तासाचं भाडं परवडत नसतं.

कोथरूडचा एक मुलगा होता. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, आवाज खर्जात भरदार, गाणी स्वतःची. तक्रार एकच: ‘बाथरूममध्ये बसून गातोय असं वाटतं, ताई.’ गेले तर हॉलमध्ये सगळी तयारी मांडलेली. चकचकीत फरशी, एका बाजूला काचेचं सरकतं दार, समोर कोरी भिंत आणि त्या भिंतीवर इंचभर जाडीच्या काळ्या स्पंजचे चौकोन ओळीने चिकटवलेले. मी मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली. टाळी संपली आणि काच व भिंत यांच्यामध्ये तिची बारीक झणझण चालू राहिली. त्याने ती पहिल्यांदाच ऐकली. राहत्या घरात आपण कधी टाळी वाजवून बघत नाही.

इंचभर स्पंज फक्त वरच्या पट्टीतले आवाज गिळतो. गिटारच्या पोटातून येणाऱ्या १०० हर्ट्झच्या आसपासच्या आवाजाची लाट सुमारे साडेतीन मीटर लांब असते. तिला तो स्पंज जाणवतसुद्धा नाही. त्यामुळे आवाजाची चमक गेलेली आणि घुमणं मात्र जागच्या जागी, अशी त्या मुलाची दोन्हीकडून अडचण झाली होती. अंड्यांचे ट्रे चिकटवणाऱ्यांचं याहून वाईट. त्या पुठ्ठ्यात शोषून घेण्यासारखं काही नसतंच.

आम्ही बेडरूममध्ये गेलो. कापसाची गादी, पडदे, उघडं ठेवलेलं कपड्यांचं कपाट, खाली सतरंजी. कपडे वाळत घालायचा स्टँड उभा करून त्यावर दोन जाड गोधड्या टाकल्या आणि तो स्टँड मुलाच्या पाठीमागे ठेवला. तो म्हणाला, ‘माइकच्या मागे नको का?’ इथेच बहुतेकांची गफलत होते. घरात वापरतात तो माइक प्रामुख्याने समोरचं ऐकतो, पाठीमागचं फार कमी. त्याच्या समोर गायक असतो आणि गायकाच्या पाठीमागे भिंत. तेव्हा झाकायची ती भिंत.

सगळं जमलं असं वाटेपर्यंत नवीनच प्रकार सुरू झाला. गिटारची पाचवी तार, म्हणजे ए ची, मोकळी छेडली की कुठून तरी ‘झ्झ्झ’ असं येई. बाकी तारांना काही नाही. मुलाला वाटलं गिटारची फ्रेट झिजली. मी त्याला तेवढी एकच तार वाजवत ठेवली आणि कान लावत खोलीभर फिरले. लोखंडी कपाटाच्या माथ्यावर, जुन्या सुटकेसच्या मागे, पितळेचं एक ताम्हन दुसऱ्या ताम्हनात ठेवलेलं होतं. ती तार ११० हर्ट्झला कंप पावते, आणि त्याच कंपनाला ही जोडी थरथरत होती. बोट ठेवलं की गप्प, उचललं की चालू. मुलाने आईला हाक मारली. ‘अगोबाई, हे माझ्या आईचं,’ त्या म्हणाल्या आणि दोन्ही ताम्हनं टॉवेलात गुंडाळून आत घेऊन गेल्या. त्यानंतर मी प्रत्येक घरात रेकॉर्डिंगच्या आधी गिटारवाल्याला सहाही तारा एकेक करून, सावकाश, जोरात वाजवायला लावते. खिडकीची सैल काच, देवघरातली घंटा, टेबलाच्या खणातली किल्ली, सगळे आपापल्या स्वराला ओ देतात.

खोली कितीही लहान आणि बंद असली तरी ती चांगलीच, असं मात्र नाही. सिंहगड रस्त्यावर एका मुलीने शांतता मिळते म्हणून स्टोअर रूममध्ये बस्तान मांडलं होतं. तिथे खालची ई वाजली की अख्खी खोली हुंकार द्यायची. दोन समांतर भिंतींमध्ये सुमारे सात फुटांचं अंतर असलं की ८० हर्ट्झच्या आसपासचा आवाज तिथे फुगतो, आणि गिटारची सर्वांत खालची तार ८२ हर्ट्झची. दोघांची गाठ तिथे पडलेली. कुठलाही महागडा माइक यावर इलाज नव्हता. ती आजोबांच्या पुस्तकांच्या खोलीत गेली आणि त्या दिवशीच काम झालं. पुस्तकांनी भरलेली, कुठे पुढे कुठे मागे अशी वेडीवाकडी शेल्फं आवाजाला विखरून टाकतात. त्यासाठी स्टुडिओवाले खास लाकडी फळ्या बनवून घेतात.

फ्रिज बंद करणं हा पुढचा विधी. त्याचा घुमघुमाट भिंतीतून आणि फरशीतून येतो, दार लावून भागत नाही. पण बंद केलेला फ्रिज काम संपल्यावर चालू करायला सगळे विसरतात आणि दुसऱ्या दिवशी दूध नासतं. लोकेशनवर आवाज घेणाऱ्यांची यावर जुनी युक्ती आहे: आपल्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची. किल्लीशिवाय घरी जाता येत नाही, आणि किल्ली घ्यायला फ्रिज उघडला की दिवा लागत नाही हे दिसतंच. मी ही किल्ली कितीतरी घरांतल्या कोथिंबिरीच्या जुडीशेजारी ठेवलेली आहे. आजीलोकांना ही युक्ती फार आवडते.

सगळं बंद केल्यावर कुणीही न बोलता मिनिटभराची शांतता रेकॉर्ड करून ठेवायची. सिनेमात याला रूम टोन म्हणतात. नंतर गाण्यातली एखादी खोकल्याची जागा कापावी लागली तर तिथे हाच तुकडा बसवायचा. पूर्ण मुकं ठेवलं तर आवाजात खड्डा पडल्यासारखं होतं, कारण प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. नव्या मुलांना हे मिनिट लांबलचक वाटतं. हेडफोन लावून ते ऐकायला लागले की मात्र त्यांचे डोळे मोठे होतात: घड्याळ, शेजारच्यांचा टीव्ही, स्वतःच्या शर्टाची सळसळ.

पुण्याला हे नवीन नाही. १९३३ साली प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून इथे आली. तिचं ध्वनीचं खातं सांभाळलं विष्णुपंत दामल्यांनी, ज्यांनी फत्तेलालांबरोबर ‘संत तुकाराम’ही दिग्दर्शित केला. प्लेबॅक रुळण्याआधीच्या त्या बोलपटांत नटांना कॅमेऱ्यापुढे प्रत्यक्ष गावं लागे आणि वाजवणारे चौकटीबाहेर कुठे तरी दडलेले असत. कोण किती लांब बसला, यावरच तोल ठरायचा. याच प्रभातने १९३७ च्या ‘कुंकू’मध्ये नेहमीचं पार्श्वसंगीत बाजूला ठेवलं आणि प्रसंगातल्या नैसर्गिक आवाजांवर भिस्त ठेवली. घर कसं वाजतं हे त्या लोकांनी नीट कान देऊन ऐकलं होतं. त्या जागेत १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. लॉ कॉलेज रस्त्यावरून जाताना मला दर वेळी वाटतं की या मुलांना माइकांच्या याद्यांऐवजी एकदा ‘कुंकू’ दाखवावा, डोळे मिटून.

पेठेतल्या वाड्यांबद्दल मला पक्षपात आहे, आणि तो मी लपवत नाही. नारायण पेठेतल्या एका वाड्यात कॉलेजातली मुलगी गाणार होती. रस्त्यावर मरणाची वर्दळ, म्हणून तिच्या वडिलांनी आधीच हात टेकले होते. आम्ही चौक ओलांडून माजघरात गेलो आणि रस्ता नाहीसा झाला. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, कोनाडे, फडताळ, खुंट्या. एकही पृष्ठभाग आरशासारखा सपाट नाही. मी टाळी वाजवली तर ती तिथल्या तिथे विरली. नव्या इमारतीत हजारो रुपये खर्चून जे मिळत नाही ते इथे शंभर वर्षांपासून पडून होतं. मुलीच्या मागच्या खुंट्यांना गोधडी अडकवायची सवयीने अडकवली. खरं तर गरज नव्हती.

अडचण आली ती विजेची. जुनं वायरिंग, दोन पिनांचे सॉकेट, अर्थिंगचा पत्ता नाही. लॅपटॉप चार्जरला लावला की हेडफोनमध्ये ५० हर्ट्झची गुणगुण. चार्जर काढला, बॅटरीवर काम केलं, गुणगुण गेली. अर्थिंग करून घ्या, असं मी तिच्या वडिलांना निघताना सांगितलं. ते गाण्यापेक्षाही जिवासाठी गरजेचं.

वेळेचं गणित मात्र पेठेत फार कडक असतं. गणपतीच्या आधी दीड-दोन महिने नदीपात्रात ढोलताशा पथकांचा सराव सुरू होतो. ढोलाचा ठोका इतका खालचा असतो की भिंत, खिडकी, गोधडी कशालाच जुमानत नाही. तो माइकच्या स्टँडमधूनसुद्धा येतो. तेव्हा त्या दिवसांत संध्याकाळचं नावच काढायचं नाही. मग मुलं म्हणतात, रात्री करू. ठीक आहे, पण चैत्र-वैशाखात पहाटे चारला कोकीळ सुरू होतो. लोक त्याचं कौतुक करतात, मीही करते, पण त्याची तान नेमकी गळ्याच्याच पट्ट्यात येते. पंख्याची घरघर गाळता येते. कोकीळ गाळायला गेलं तर गायकही गाळला जातो. सगळ्यांत चांगली वेळ कोणती, तर दुपारी एक ते चार. पुण्याच्या या वेळेबद्दल उरलेला महाराष्ट्र काहीही म्हणो, रेकॉर्डिंगला तिच्यासारखी वेळ नाही.

आता सामानाचं, कारण तो प्रश्न अगदीच टाळता येत नाही. एक साधा कंडेन्सर माइक, एक ऑडिओ इंटरफेस, कान पूर्ण झाकणारा हेडफोन, स्टँड आणि केबल. वीस-पंचवीस हजारांत हे सगळं बसतं, वापरलेलं घेतलं तर त्याहून कमीत. इंटरफेसवर ४८ व्होल्टचं बटण असतं, ते कंडेन्सर माइकला वीज पुरवतं; त्याशिवाय तो मुका. रीपर किंवा ऑडॅसिटी यांतलं कुठलंही सॉफ्टवेअर चालतं. २४ बिटवर रेकॉर्ड करायचं आणि सर्वांत जोरातली ओळ उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवायची. मीटर लाल होईपर्यंत आवाज चढवायची काहीही गरज नाही. २४ बिटमध्ये खाली इतकी मोकळी जागा असते की जपून केलेलं रेकॉर्डिंग नंतर बेलाशक वाढवता येतं, फाटलेलं मात्र शिवता येत नाही. हेडफोनमध्ये आपलाच आवाज मागून येतोय असं वाटलं तर सॉफ्टवेअरचा बफर, म्हणजे आवाज पुढे पाठवण्याआधी साठवायचा तुकडा, बघायचा. ४८ किलोहर्ट्झवर १०२४ सॅम्पलचा बफर म्हणजे एका दिशेला २१ मिलिसेकंदांचा उशीर, जणू गिटार सात मीटरांवर कुणी दुसराच वाजवतोय. १२८ वर आणला की तीनपेक्षा कमी.

गिटारपुढे माइक कुठे ठेवायचा, याला मी वीत वापरते. नवखा माणूस तो थेट भोकासमोर ठेवतो, कारण आवाज तिथून येतो असं दिसतं. तिथून येतो तो वारा आणि घुमारा. माइक बाराव्या फ्रेटसमोर न्यायचा, गिटारपासून एक ते दीड वीत अंतरावर, आणि तोंड किंचित भोकाच्या दिशेला वळवायचं. मग हेडफोन लावून कुणीतरी वाजवत असताना माइक बोटाबोटाने सरकवायचा. दोन बोटं इकडे सरकवला की तारांची किणकिण वाढते, दोन बोटं तिकडे की लाकूड बोलायला लागतं. हा फरक हेडफोनमध्ये पहिल्यांदा ऐकताना मुलांच्या चेहऱ्यावर जे येतं, त्यासाठी मी कुठेही जाईन. एका मुलाने तर दुसऱ्या माइकसाठी साठवलेल्या पैशांतून तारांचे संच घेतले. बरोबर केलं. नव्या तारा आदल्या दिवशी चढवल्या, ताणून ताणून बसू दिल्या, की निम्मी चमक तिथेच मिळते. आणि पावसाळ्यात गिटार व माइक दोन्ही सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावेत. आपल्याकडे जुलैत लाकूड फुगतं आणि एप्रिलच्या कोरड्याठाक दुपारी आक्रसतं; सूर उतरला म्हणून गायकाला बोलण्याआधी हे तपासावं.

गळ्याच्या बाबतीत मात्र इंग्रजी व्हिडिओ अर्धंच सांगतात, कारण ते मराठीसाठी बनवलेले नाहीत. त्यांच्याकडे प आणि ब चा धक्का. आपल्याकडे भ, फ, ध, ख, झ असे श्वास ढकलणारे वर्ण ओळीओळीत. ‘भरभरून’ किंवा ‘फुलपाखरू’ असा शब्द आला की माइकच्या पडद्यावर वाऱ्याचा झोत आदळतो आणि ‘धप्’ असं ऐकू येतं. वर ‘चांदणं’मधला दातांचा च, ‘जसा’मधला ज आणि स, श यांचा शिसकारा वेगळाच. सहकारनगरमधल्या एका ताईंकडे पॉप फिल्टर नव्हता. त्यांच्या सासूबाईंनी कशिद्याची लाकडी रिंग आणून दिली, तिच्यात पातळ जुना मोजा ताणून बसवला आणि ती स्टँडला दोरीने बांधली. विकतच्यात आणि हिच्यात मला काही फरक ऐकू आला नाही. जोडीला माइक तोंडाच्या रेषेतून थोडा वर आणि बाजूला घेतला. श्वास सरळ पुढे निघून जातो, स्वर मात्र सगळीकडे पसरतो.

याच ताईंची गोष्ट सांगायची राहिली आहे. त्या बँकेत नोकरी करतात, गिटार पस्तिशीनंतर शिकल्या. आजीकडून ऐकलेल्या ओव्यांच्या चालीवर स्वतःचे शब्द बांधतात. रीतसर पद्धत अशी: आधी क्लिकवर, म्हणजे हेडफोनमधल्या ठेक्याच्या टिकटिकीवर, गिटार घ्यायची, मग ती हेडफोनवर ऐकत गळा वेगळा घ्यायचा, म्हणजे नंतर दोन्हींचा तोल स्वतंत्रपणे साधता येतो. आम्ही तसंच केलं. सूर ठीक, ताल ठीक, गाणं मात्र निर्जीव. त्यांची ओळ जिथे रेंगाळते तिथे गिटारही थांबते. त्या श्वास घेतात तेव्हा हात हलका होतो. क्लिकने ते सगळं कापून टाकलं होतं.

दोन माइक लावून एकदम घेता आलं असतं, पण गळ्याच्या माइकमध्ये गिटार शिरते, गिटारच्या माइकमध्ये गळा, आणि दोन्ही आवाज किंचित मागेपुढे पोचल्याने एकमेकांना खातात. माझ्या मनात ‘नेब्रास्का’ होता. ३ जानेवारी १९८२ ला ब्रूस स्प्रिंगस्टीनने न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात, बेडरूममध्ये बसून, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर साध्या माइकांनी गाणी घेतली. ती फक्त बँडला दाखवायला होती. नंतर स्टुडिओत पूर्ण बँडसह तीच करून पाहिली, पण कॅसेटवरची गोष्ट काही केल्या येईना, आणि शेवटी ती कॅसेटच अल्बम म्हणून बाहेर आली. त्याच्याही आधी, १९०२ साली, फ्रेड गेसबर्गने गौहरजानला रेकॉर्ड केलं ते कलकत्त्यातल्या हॉटेलच्या खोलीत, एका कर्ण्यासमोर. गायिकेने किती जवळ यायचं आणि साथीदारांनी किती मागे सरायचं, यापलीकडे मिक्सिंग नव्हतंच.

तेव्हा आम्ही एकच माइक ठेवला. छातीच्या उंचीवर, दोन वितींपेक्षा थोडा लांब. पहिल्यांदा गिटार जड झाली, म्हणून माइक चार बोटं वर घेतला. मग गळा पुढे आला, म्हणून ताईंच्या खुर्चीवर उशी ठेवून त्यांना उंच केलं आणि माइक जागीच ठेवला, म्हणजे गिटार वर येऊन त्याच्या जवळ गेली. खरं तोलायचं काम एवढंच, पण त्यात अर्धी दुपार गेली. ‘आता फक्त आवाजाची पातळी बघतेय, असंच एकदा म्हणा,’ असं मी सांगितलं आणि रेकॉर्डचं बटण दाबून ठेवलं. हे मी नेहमी करते, आणि नंतर गायकाला सांगतेही. त्या अगदी सैल बसून गायल्या, मध्ये एकदा सासूबाईंकडे बघून हसल्या, ते हसू आवाजात ऐकू येतं.

त्यानंतर त्यांनी मनापासून, नीट, आणखी चार-पाच वेळा गायलं. सगळं झाल्यावर दोन्ही ऐकवलं. दुसऱ्या कडव्यात पहिल्या वेळी एक शब्द जरा खाली लागला होता, त्याबद्दल त्यांना वाईट वाटत होतं. ‘ती ओळ तेवढी नंतरच्यातून घेता येईल का?’ एका माइकवर तसं जोडणं कठीण, कारण गळ्याबरोबर गिटारही बदलते. करून पाहिलं, सांधा ऐकू येत होता. सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, पहिलंच ठेव. त्यात तू आहेस.’ ताई दोन दिवस विचार करून हो म्हणाल्या.

मग मी ८० हर्ट्झच्या खालचं सगळं काढलं, आवाज थोडा दाबून सारखा केला आणि किंचित रिव्हर्ब दिला. मूळ फाइल वेव्हमध्ये दोन वेगवेगळ्या ड्राइव्हवर ठेवून दिली आणि त्यांना पाठवली. गाडीची किल्ली फ्रिजमधून काढून घेतली होती ती दुपारीच. पुढचं गाणं त्यांनी स्वतःच घेतलं, मला न बोलावता, दीड वाजता.